एक पूर्णांक चार दशांश सेकंदांची शांतता

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही बायकोनं आणून दिली. म्हणाली, "मनात येईल ते यात लिहा. सगळं माझ्या कानात ओतू नका." (यापुढे तिला 'ही' म्हणणार. घरात म्हणतो तसंच.)

मी निवृत्त होऊन सहा महिने झाले. चौतीस वर्षं वजनमाप निरीक्षक होतो. दुकानांतले तराजू, वजनं, लिटरची मापं तपासायची, खरी असतील तर शिक्का, खोटी असतील तर दंड. दुकानदाराचा चहासुद्धा कधी घेतला नाही. घरी बसल्यापासून तपासायला काही उरलं नाही, म्हणून गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर आतल्या मालाचं वजन लिहून ठेवलं. ही दोन दिवस बोलली नाही.

आज मात्र काम मिळालं. हिचा गाण्याचा गट आहे, अकरा बायकांचा. दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतात. त्यांच्या पियानोवाल्या बाई लेकीकडे कायमच्या निघून गेल्या, आणि साथ नसली की अकरा जणी अकरा वाटांनी जातात. मी म्हटलं, मी कॉम्प्युटरवर साथ तयार करून देतो. तरुणपणी चार वर्षं अकॉर्डियन वाजवलंय, ठेका पक्का आहे. ही म्हणाली, "करा बाई काहीतरी." मला हा होकार वाटला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

भाचेबुवा आले होते. वय बेचाळीस, पाण्याचे फिल्टर विकतात, आणि जगात विकत काय घ्यायचं नाही याची यादी त्यांना तोंडपाठ आहे. पेनड्राइव्हवर संगीताचं सॉफ्टवेअर घेऊन आले. आत अख्खा वाद्यवृंद.

"मामा, दुकानातून घेतलंत तर दोन महिन्यांचं पेन्शन जाईल."

"मग हे कुठलं?"

"क्रॅक केलेलं आहे. सगळेच वापरतात. फुकट ते पौष्टिक!"

सोबतच्या चिठ्ठीत पहिली सूचना होती, आधी अँटिव्हायरस बंद करा. भाचेबुवा म्हणाले, ते उगाच बोंबलतं. मी बंद केला. चोरानं सांगावं, आधी कुत्रं बांधून ठेवा, आणि घरमालकानं बांधावं, असं क्षणभर वाटलं खरं. पण पियानोची पहिली पट्टी दाबली, आणि असा आवाज आला की बाकी सगळं विसरलो.

नंतर विचार केला. चोरी कशाला म्हणतात? दुसऱ्याची वस्तू त्याच्याकडून जाते तिला. इथं मूळ वस्तू जिथल्या तिथं आहे. कुणाचं एक ग्रॅमही कमी झालेलं नाही. तेव्हा प्रश्न मिटला.

११ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर पियानो आणि व्हायोलिनं जुळवत होतो. जेवताना हिनं विचारलं, "एवढं मोठं सॉफ्टवेअर फुकट कसं मिळालं?"

"भाच्यानं दिलं."

"त्याला कुणी दिलं?"

मी तिला व्हायोलिनं किती आहेत ते सांगितलं. चोवीस आहेत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

साथ तयार झाली. गाणं गटाच्या मास्तरीणबाईंनी लिहिलेलं, तीन कडव्यांचं. (त्या निवृत्त भूगोलशिक्षिका आहेत, गट त्याच चालवतात.) एकूण अडीच मिनिटं.

एक भानगड आहे. एक मिनिट वीस सेकंद झाले की सगळी वाद्यं एकदम गप्प होतात आणि मग जणू काही झालंच नाही अशी पुढे चालू लागतात. तिसऱ्या कडव्याच्या अगदी तोंडाशी. पाच वेळा नव्यानं फाइल काढली, पाचही वेळा तेच. स्टॉपवॉच लावून मोजलं: एक पूर्णांक चार दशांश सेकंद. माझी काहीतरी चूक असणार, पण सापडत नाही.

हिला ऐकवलं. ती म्हणाली, "हे मध्येच थांबतं का?"

आता चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाच्या तोंडून 'मला जमत नाहीये' हे निघायला वेळ लागतो. मी म्हटलं, "थांबत नाही. मुद्दाम ठेवलंय. संगीतात विश्रांती असते."

"असं होय," ही म्हणाली. उद्या, मंगळवारी, जादा तालीम आहे, तिथं गाणं घेऊन जाते म्हणाली. मी शनिवारीच जाईन. तोवर बहुतेक फजिती होऊन गेलेली असेल.

२१ फेब्रुवारी, शनिवार

फजिती झाली नाही! कसली फजिती, मी अजून हवेत आहे.

सगळ्या जणी दुसरं कडवं संपवून त्या ठिकाणी आल्या, वाद्यं गप्प झाली, आणि अकराच्या अकरा जणींनी एकमेकींकडे बघितलं. एकत्र श्वास घेतला. तिसरं कडवं इतक्या हळुवार आवाजात उचललं की माझ्या अंगावर काटा आला. मास्तरीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय जागा ठेवलीत हो! पियानोवाल्या बाईंना वीस वर्षांत हे सुचलं नाही. मंगळवारी हिनं आमच्याकडून आठ वेळा घोटून घेतलं, तेव्हा कुठं बसलं."

मी म्हणालो, "अहो, त्यात काय." खरं सांगायला हवं होतं का? सांगणार होतो. पण मध्येच गटातल्या माजी बसकंडक्टर बाईंनी टाळ्या सुरू केल्या, आणि टाळ्या वाजत असताना माणूस कबुली कशी देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

विचार करता वाटतं, सुरावटीची जाण असली की हात आपोआप योग्य जागी थांबतो. कदाचित ती चूक नव्हतीच.

२८ फेब्रुवारी, शनिवार

मोठी बातमी. नव्या सरकारी रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात दिवसभर गावातल्याच गटांची गाणी लावणार आहेत. मास्तरीणबाईंनी आमचं नाव दिलं. दोन पानी अर्ज आला, मुदत पंचवीस मार्च. संयोजक म्हणून तो मीच भरायचा आहे.

घरी येऊन शाईच्या पेनानं भरायला बसलो. कलम चार, 'संगीत संयोजन व रचनेतील विशेष': माझं नाव, आणि पुढे 'तिसऱ्या कडव्यापूर्वीची विश्रांती'. ठळक अक्षरात. मग कलम सात. 'ध्वनिमुद्रणासाठी वापरलेली सर्व सॉफ्टवेअर अधिकृत परवान्याची आहेत, असे मी प्रतिज्ञापूर्वक नमूद करतो.' खाली सही.

पेनचं टोपण लावून ठेवलं.

१ मार्च, रविवार

बघायला कोण येणार आहे? कुणीही नाही. पण बघायला जाणारा माणूस मीच तर होतो.

एक किराणावाला आठवतो. वजनाच्या तळाला भोक पाडून त्यानं आत मेण भरलं होतं. म्हणाला, "साहेब, दहा ग्रॅमनं कुणाचं काय जातं?" मी दंड ठोकला आणि वर अर्धा तास व्याख्यानही दिलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते खोटं नाही.

सही केली नाही. नाही करणार असंही म्हटलेलं नाही. मी भरला नाही तर अकरा जणींचं गाणं मागे राहील, हेही तितकंच खरं.

४ मार्च, बुधवार

सकाळी माझ्या जुन्या साहेबांचा फोन. साहेबांना पंचविसाव्या वर्षापासून टक्कल आहे आणि त्याबद्दल खात्यात कुणी कधी ब्र काढला नाही.

"अरे," ते म्हणाले, "तू मला केस उगवायचं तेल विकायला कधीपासून लागलास?"

माझ्या ईमेलवरून रात्रीत दोनशे चौदा लोकांना पत्रं गेली होती. 'तीस दिवसांत दाट केस, इथे दाबा.' खाली माझं नाव, हुद्दा, सगळं. मी साहेबांची चार वेळा क्षमा मागितली. ते हसत होते, पण साहेबांचं हसू मी ओळखतो.

भाचेबुवांना फोन केला. "होतं मामा कधी कधी," म्हणाले. "कॉम्प्युटर बंद करून चालू करा." मी बंद केला. चालू केला नाही.

७ मार्च, शनिवार

तालमीला मास्तरीणबाई जरा उतरलेल्या दिसल्या. त्यांनी ते पत्र उघडलं होतं, 'इथे दाबा' दाबलं होतं आणि विचारला तसा पासवर्डही दिला होता. तीन दिवस त्यांना स्वतःच्या ईमेलमध्ये शिरता येत नव्हतं. पस्तीस वर्षांत शिकवलेल्या विद्यार्थ्यांची पत्रं त्यात. आज सकाळी परत मिळालं, पत्रं शाबूत आहेत. नशीब म्हणायचं.

"पण बाई," मी म्हटलं, "केसांच्या तेलाचं पत्र तुम्ही उघडलंत कसं?"

"तुमच्याकडून आलं म्हणून," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचं असतं तर पुसून टाकलं असतं. म्हटलं, तुम्ही सांगताय म्हणजे माप खरं असणार."

त्या सहज म्हणाल्या. गाणं सुरू झालं, ती जागा आली, सगळ्यांनी श्वास घेतला. मला मान वर करवेना. लाज वाटली, दुसरं काही नाही.

९ मार्च, सोमवार

कॉम्प्युटर उचलून बाजारातल्या दुरुस्तीवालीकडे नेला. तिशीची मुलगी, कपाळावर दिव्याची पट्टी, टेबलावर उघड्या पडलेल्या सहा मशिनी. तिनं दहा मिनिटं माझं मशीन तपासलं. मग विचारलं, "काका, हे क्रॅक कुणी बसवलं?"

"भाच्यानं."

"आणि अँटिव्हायरस कुणी बंद केला?"

"मी."

"मग भाच्याला एकट्याला बोलू नका. तुमचे पासवर्ड वाचणारा एक पाहुणा सहा फेब्रुवारीपासून आत राहतोय. सगळं पुसून नव्यानं बसवावं लागेल, आणि सगळे पासवर्ड बदला. इथून नाही, दुसऱ्या मशीनवरून." मग तिनं माझं गाणं लावलं आणि मान वाकडी करून ऐकू लागली. "हा पियानो दर ऐंशी सेकंदांनी गप्प होतो ना?"

मी दचकलो. विचारलं, तुला कसं माहीत?

"बनवणाऱ्यांनीच तशी सोय करून ठेवलीय. आत परवाना सापडला नाही की आवाज मध्येच बंद. फोडणाऱ्यानं कुलूप अर्धंच फोडलंय."

आमच्या खात्यात नापास वजनावर फुली मारायचो, पुन्हा बाजारात येऊ नये म्हणून. माझ्या गाण्यावर कुणीतरी तशी फुली मारून ठेवली होती आणि मी ती तीन शनिवार दागिना म्हणून मिरवत होतो.

मी म्हटलं, पण बाई, हे सगळं विकत घ्यायची माझी ऐपत नाही. ती हसली. "फुकट हवं होतं तर फुकट दिलेलं घ्यायचं, काका." कागदावर तिनं तीन नावं लिहून दिली. एक सॉफ्टवेअर जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेलं, कुणीही वापरावं. दुसरं एका मोठ्या कंपनीचं छोटं रूप, फुकट, पण एका वेळी आठच वाद्यं. तिसरं साठ दिवस वापरून बघायचं, पटलं तर एकदाच पैसे द्यायचे, चांगल्या बुटांच्या जोडाएवढे. आणि पियानो? कुठल्याशा संगीतशाळेनं आपल्या पियानोची एकेक पट्टी मुद्रित करून सगळ्यांसाठी ठेवून दिलीय, लेखी परवानगीसकट. तिनं ती परवानगी मला वाचून दाखवली. एवढी सरळ, स्वच्छ भाषा मी सरकारी कागदात कधी पाहिली नाही.

मला वाद्यं सहाच लागतात. चोवीस व्हायोलिनं मी कुठं बसवणार होतो कोण जाणे.

१० मार्च, मंगळवार

पासवर्ड बदलले. सतरा. हिनं तिच्या फोनवरून मदत केली. काही विचारलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

हौशी लोकांचं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण माझं त्याच्याशी गोत्र जमलं नाही. तिसरं जमलं. साठ दिवस वापरून मग पैसे द्या म्हणतात. मी पाचव्या दिवशीच दिले. माझ्यासारख्याला साठ दिवस उधारीवर ठेवणं म्हणजे झोप उडवणं. पावती आली, तिच्यावर माझं नाव. छापून घेतली आणि उगाचच दोनदा वाचली.

आज साथ पुन्हा पूर्ण झाली. शाळेचा पियानो पहिल्यासारखा झगमगीत नाही, एक पट्टी तर किंचित कुरकुरते. पण कुठं थांबत नाही. अडीच मिनिटं सलग. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

भाचेबुवांना सांगितलं, तर म्हणाले, "मामा, पैसे देऊन? तुम्ही म्हणजे ना!" मी म्हटलं, तुझ्याही मशीनमधला पाहुणा काढून घे, पत्ता देतो. पत्ता लिहून घेतला त्यांनी.

२१ मार्च, शनिवार

आज नवी साथ लावली. दुसरं कडवं संपलं. पियानो सरळ पुढे गेला आणि अकरा जणी तोंडं उघडी टाकून, एकमेकींकडे बघत, जागच्या जागी थांबल्या. मग कंडक्टरबाई फिसकन हसल्या आणि सगळंच कोसळलं. पुन्हा लावलं. पुन्हा थांबल्या.

"अहो, तुमची ती जागा कुठं गेली?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

आता टाळ्या वाजत नव्हत्या. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सॉफ्टवेअर चोरीचं होतं. ती जागा मी ठेवलेली नव्हती, ती चोरी पकडायची खूण होती. केसांचं तेलही त्याच वाटेनं आलं, आणि बाईंना जो त्रास झाला तो माझ्यामुळं.

कंडक्टरबाई हिच्याकडे वळल्या. "मग तू त्या मंगळवारी सांगितलंस ते? इथं सगळ्यांनी एकमेकींकडे बघायचं, एकत्र श्वास घ्यायचा, आणि पुढचं कडवं कुणाच्या तरी उशाशी बसून म्हणतोय असं हळू म्हणायचं. तू म्हणालीस, यांनी असं लिहून दिलंय."

मी असं काहीही लिहून दिलं नव्हतं.

ही ओढणीचं टोक नीट करत होती. म्हणाली, "पंचवीस तारीख जवळ आलीय. गाऊया का?"

घरी आल्यावर विचारलं. "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"चाळीस वर्षांत तुम्ही कधी काही मुद्दाम थांबवलेलं नाहीत," ही म्हणाली. "बोलणंसुद्धा. म्हणून कळलं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"विचारलं की. तुम्ही म्हणालात, विश्रांती आहे. वाटलं, दोन दिवसांत दुरुस्त कराल. नाही केलंत. मग म्हटलं, भोक पडलंच आहे तर तिथं एखादं फूल तरी भरावं. तुमचं हसं व्हायला नको होतं मला."

मी बराच वेळ गप्प होतो. मुद्दाम नाही, सुचतच नव्हतं.

२२ मार्च, रविवार

सकाळी हिला शेजारी खुर्ची टाकून बसवलं. म्हटलं, ती जागा परत घालूया, नाहीतर बायका थांबत राहणार. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ते सोपं आहे. वाद्यं त्या ठिकाणी कापायची आणि पुढचा भाग सरकवायचा. मी एक पूर्णांक चार दशांश सेकंद घातले.

"कमी आहे," ही म्हणाली.

"अगं, तेवढीच होती. मोजलीय मी."

"ती त्यांची होती. मला दोन सेकंद हवेत. आमच्यातल्या दोघींना दमा आहे."

दोन सेकंद केले. हिनं डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. मग म्हणाली, थांबण्याआधीची शेवटची पियानोची पट्टी कापू नका, तिचा आवाज आपला आपण विझू दे. मला हे कधीही सुचलं नसतं. तीन तास आम्ही एका कॉम्प्युटरसमोर बसलो होतो आणि एकदाही भांडलो नाही. तिला सुरावटीतलं इतकं कळतं, हे मला निवृत्तीनंतर कळावं म्हणजे कमाल झाली. चौतीस वर्षं मी बाहेर काय तपासत होतो?

२३ मार्च, सोमवार

जुन्या अर्जावर माझं नाव शाईनं लिहिलेलं. खाडाखोड केलेला कागद मी आयुष्यात पुढं सरकवलेला नाही. चालत रुग्णालयात गेलो आणि नवा कोरा अर्ज आणला. कारकून म्हणाला, पांढरी शाई लावली असती तरी चाललं असतं. मी म्हटलं, चाललं असतं, पण नको.

कलम चार. संगीत संयोजन माझं. रचनेतील विशेष, तिसऱ्या कडव्यापूर्वीची विश्रांती: हिचं नाव. पूर्ण, माहेरच्या आडनावासकट, कारण गाणं ती तिथंच शिकली. कलम सात: सही. सोबत पावती आणि पियानोची लेखी परवानगी, दोन्ही टाचून. मागितली नव्हती.

अर्ज वाचायला दिला. हिनं चष्मा लावला, वाचला, पुन्हा वरून वाचला. म्हणाली, "माझं माहेरचं आडनाव लिहिलंत. किती वर्षांनी बघतेय." मग उठून आत गेली, आणि आतून गुणगुणण्याचा आवाज आला. तिसरं कडवं.

१८ एप्रिल, शनिवार

गाणं घेतलं! चोवीस मार्चला वाचनालयात अकरा जणींचं गाणं मुद्रित करून अर्जासोबत दिलं होतं. आज तालमीआधी आम्ही दोघं मुद्दाम रुग्णालयात गेलो. कुठंही दुखत नसताना प्रतीक्षागृहात बसणं जरा चमत्कारिक वाटतं. समोर एक म्हातारे गृहस्थ मांडीवर क्ष-किरणांचा लखोटा धरून बसलेले. माझ्या शेजारी एक बाई, हातात टोकनची चिठ्ठी, सारखी दरवाजाकडे बघणारी.

तीन अनोळखी गाणी झाली आणि मग आमचं लागलं. पहिलं कडवं. दुसरं. पियानोची शेवटची पट्टी विझत गेली, आणि सगळं प्रतीक्षागृह शांत झालं. लखोटेवाल्या गृहस्थांनी मान वर केली.

"बंद पडलं वाटतं मशीन," शेजारच्या बाई म्हणाल्या.

"नाही हो," मी म्हणालो, जरा मोठ्यानंच, दोन-तीन रांगांना ऐकू जाईल असं. "बंद नाही पडलं. ती जागा आहे. माझ्या बायकोनं ठेवलीय."

तोवर तिसरं कडवं सुरू झालं होतं. हिनं मला कोपरानं ढोसलं. "हळू बोला," म्हणाली, "आम्ही गातोय."